हात पुढे केला, पण पाणी आले नाही : सेन्सरच्या नळांचे गणित कुठे चुकते?

नवी दिल्ली (विशेष प्रतिनिधी) : विमानतळ, मॉल, मेट्रो स्थानके, बहुपडदा चित्रपटगृहे आणि मोठ्या रुग्णालयांच्या प्रसाधनगृहांत एक दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. बेसिनसमोर उभी असलेली व्यक्ती नळाखाली हात धरते. पाणी येत नाही. ती हात मागे घेते, पुन्हा पुढे करते, तळवे उलटे करून पाहते आणि अखेर शेजारच्या बेसिनकडे सरकते. ती गेल्यावर क्षणभराने पहिला नळ आपोआप सुरू होतो आणि खाली कोणाचाही हात नसताना वाहू लागतो.

हा प्रकार सहसा हसण्यावारी नेला जातो. मात्र हे नळ बसवताना तीन गोष्टींचे आश्वासन दिलेले असते. नळाला स्पर्श करावा लागणार नाही, म्हणून रोगजंतूंचा फैलाव कमी होईल. पाणी गरजेपुरतेच येईल, म्हणून त्याची बचत होईल. आणि ज्यांना तोटी पिळता येत नाही अशा वृद्ध वा दिव्यांग व्यक्तींनाही हात धुणे सोपे जाईल. कोरोना साथीनंतर या आश्वासनांचे वजन वाढले आणि देशभरातील व्यावसायिक इमारतींत स्पर्शविरहित नळ झपाट्याने दिसू लागले. नळात सेन्सर असल्याने ही आश्वासने आपोआप पूर्ण होत नाहीत. त्या सेन्सरला काय दिसते, किती अंतरावरून दिसते आणि दिसल्यानंतर झडप किती वेळ उघडी राहते, यावर सारे अवलंबून असते. या तिन्ही गोष्टी कारखान्यात ठरतात त्याहून अधिक नळ बसवताना आणि त्याची निगा राखताना ठरतात.

नळाला हात ‘दिसतो’ कसा?

बहुसंख्य नळांमध्ये अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर असतो. नळाच्या मानेवर किंवा बुंध्याशी गडद रंगाची छोटी काच दिसते. तिच्या मागे दोन घटक असतात. एक प्रकाश सोडणारा एलईडी आणि दुसरा परत आलेला प्रकाश टिपणारा ग्राहक. एलईडीचा प्रकाश माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी सामान्यतः ८५० किंवा ९४० नॅनोमीटर असते. टीव्हीच्या रिमोटमध्ये वापरला जातो त्याच जातीचा हा प्रकाश. अनेक मोबाइल फोनचा पुढचा कॅमेरा त्या काचेसमोर धरला, तर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. नळाचा ‘डोळा’ जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची ही सोपी युक्ती आहे.

ठिपका लुकलुकतो याला कारण आहे. प्रकाश सतत सोडत राहिला तर बॅटरी लवकर संपेल. म्हणून सेन्सर सेकंदाला काही वेळाच, अत्यंत अल्पकाळ टिकणारे प्रकाशाचे स्पंद सोडतो. समोर हात असेल तर त्यावर आदळून प्रकाशाचा काही अंश परत येतो. तो ठरावीक पातळीच्या वर गेला की आतील छोटे मंडल ‘हात आहे’ असा निष्कर्ष काढते आणि झडप उघडण्याचा आदेश देते. दोन स्पंदांमधील अंतर जितके जास्त, तितकी बॅटरी अधिक टिकते. पण नळ तितकाच मंद वाटतो. अर्धा सेकंद पाणी आले नाही की माणूस हात हलवू लागतो. त्या हालचालीत हात सेन्सरच्या टप्प्याबाहेर जातो आणि पाणी येण्यास आणखी उशीर होतो. नळ बिघडला आहे, असे वाटण्याच्या कित्येक प्रसंगांत तो केवळ सावकाश असतो.

प्रत्यक्षात सेन्सर हात ओळखत नाही. तो फक्त परत आलेला प्रकाश मोजतो. मोठा पण दूरचा उजळ पृष्ठभाग आणि जवळचा गडद पृष्ठभाग यांच्यातील फरक साध्या सेन्सरला कळत नाही, कारण दोहोंकडून परतणारा प्रकाश सारखाच असू शकतो. या नळांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

पांढरा कागद आणि सावळा हात

ऑगस्ट २०१७ मध्ये एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवर जगभर पाहिली गेली. स्वयंचलित साबणपात्राखाली गोऱ्या व्यक्तीने हात धरला की साबण मिळतो. काळ्या व्यक्तीने हात धरला की मिळत नाही. नंतर तीच काळी व्यक्ती हातात पांढरा कागदी रुमाल घेते आणि यंत्र तत्काळ साबण देते. ही चित्रफीत प्रसृत करणारी व्यक्ती मूळची नायजेरियाची आणि तंत्रज्ञान क्षेत्रातच काम करणारी होती. यंत्र बनवणाऱ्यांमध्ये सर्व वर्णांचे लोक नसतील तर असे दोष कोणाच्या लक्षातच येत नाहीत, हा तिचा मुद्दा होता.

यामागील भौतिकशास्त्र समजून घेतले पाहिजे. कारण त्यावरून ‘सेन्सर वर्णभेदी आहे’ आणि ‘हा निव्वळ योगायोग आहे’ अशी दोन टोके गाठली जातात. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते. दृश्य प्रकाशात हे शोषण तीव्र असते, म्हणूनच त्वचा सावळी वा काळी दिसते. तरंगलांबी वाढत जाते तसे मेलॅनिनचे शोषण कमी होते. अवरक्त प्रकाशात गोऱ्या आणि काळ्या त्वचेतील अंतर डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बरेच कमी असते, पण ते शून्य नसते. सेन्सरची पातळी पुरेशी सैल ठेवली असेल तर हा फरक वापरणाऱ्याला जाणवतही नाही. ती काटेकोर ठेवली असेल, काचेवर साबणाचा थर बसला असेल किंवा बॅटरी क्षीण झाली असेल, तर उरलेला थोडा फरकही निर्णायक ठरतो. मग एकाला पाणी मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

सेन्सरचा पल्ला कसा मोजतात, हेही येथे महत्त्वाचे आहे. परावर्तनावर चालणाऱ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात दिलेले अंतर अनेकदा पांढऱ्या पत्र्यासाठी किंवा कागदासाठी असते, म्हणजे सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवणाऱ्या पृष्ठभागासाठी. काही उत्पादक त्यासोबत १८ टक्के परावर्तन करणाऱ्या करड्या कार्डासाठीही आकडा देतात. करड्या कार्डावरून पांढऱ्याच्या एक पंचमांश प्रकाश परततो. परतणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो असे धरले, तर पांढऱ्या कागदाला २० सेंटिमीटरवरून ओळखणारा सेन्सर करड्या कार्डाला ढोबळमानाने ९ सेंटिमीटरवरच ओळखेल. लहान मुलाचा हात प्रकाशझोताचा काही भागच व्यापतो, त्यामुळे त्याच्यासाठी हा पल्ला आणखी कमी होतो. खरेदी करणाऱ्याने माहितीपत्रकातील २० सेंटिमीटर पाहिलेले असतात. प्रत्यक्षात बेसिनपाशी मुलाला हात जवळजवळ काचेला टेकवावा लागतो. तसे झाले की ‘स्पर्शविरहित’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांत त्वचेच्या रंगाचा प्रश्न नळापुरता मर्यादित नाही. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू मोजतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणवायूची कमतरता असूनही ऑक्सिमीटरवर ती न दिसण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट असल्याचे त्यात आढळले. नळाच्या बाबतीत पाणी न मिळण्यावर निभावते, पण चाचणी कोणाच्या हातावर घेतली, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. भारतात तर एकाच रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांच्या त्वचेच्या दहा छटा असतात. येथे विकला जाणारा नळ पांढऱ्या कागदावर तपासणे पुरेसे नाही, हे सांगण्यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज पडू नये.

हात नसताना वाहणारे पाणी

समोरचा हात न दिसणे हा एक दोष. नसलेला हात दिसणे हा दुसरा. चकचकीत स्टीलचे किंवा उथळ बेसिन असेल तर सेन्सरचा प्रकाश बेसिनच्या तळावरून परत येतो आणि नळाला तो हात वाटतो. समोरासमोर बसवलेल्या दोन नळांपैकी एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या काचेत शिरू शकतो. नळाखाली विसरलेला डबा, बेसिनच्या कडेवर ठेवलेली पिशवी, पाठीमागून गेलेल्या सफाई कर्मचाऱ्याचे परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, अशी कोणतीही गोष्ट पुरते. मोठ्या खिडकीतून येणारे ऊन हा आणखी एक उपद्रव. तो टाळण्यासाठी सेन्सर विशिष्ट लयीतील स्पंदच ओळखतो. शिवाय ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा सूर्यप्रकाश वातावरणातील बाष्पात बराच शोषला जातो, हे त्या तरंगलांबीच्या पसंतीचे एक कारण आहे. तरीही काचेवर थेट ऊन पडत असेल तर ग्राहक दिपून जातो.

बरेच नळ वीजपुरवठा सुरू होताच समोरच्या बेसिनचे ‘वाचन’ करतात आणि तेवढा परतावा ही रिकामी स्थिती मानतात. उपयुक्त सोय आहे, पण त्यात एक मेख आहे. बॅटरी बदलणारा कर्मचारी त्या क्षणी हात किंवा हत्यार सेन्सरसमोर धरून उभा असेल, तर नळ त्यालाच पार्श्वभूमी समजतो. मग पुढचे कित्येक दिवस पाणी नीट येत नाही आणि ‘कालच बॅटरी बदलली, तरी तेच’ अशी तक्रार सुरू होते. बॅटरी बसवल्यावर काही सेकंद मागे सरकून उभे राहणे, एवढाच यावरचा उपाय आहे.

काचेच्या स्वच्छतेचेही तसेच. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने ती पुसायची असते. तारेच्या घासणीने किंवा आम्लयुक्त द्रवाने स्टील चकाकते, पण काचेवर बारीक ओरखडे पडतात. त्यानंतर प्रकाश तेथेच विखुरतो आणि ग्राहकाला कायम ‘हात आहे’ असा भास होतो. नळ चमकावा म्हणून घेतलेली मेहनत अशी नळाच्या मुळावर येते. यात कर्मचाऱ्याचा दोष काढणे सोपे असले तरी ती काच कशी पुसावी हे त्याला कोणी सांगितलेले असते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

डोळा शाबूत, पण झडप अडलेली

सेन्सरने आदेश दिल्यानंतरचे काम झडपेचे. नळात सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकीय झडप असते. बॅटरीवरील नळांत ती एका क्षणिक विद्युत स्पंदाने उघडते, चुंबकाच्या जोरावर उघडीच राहते आणि उलट्या स्पंदाने मिटते. उघडे राहण्यासाठी वीज लागत नाही, म्हणून चार पेन्सिल सेलवर असा नळ दीर्घकाळ चालतो. पाण्याचा मुख्य मार्ग मात्र सोलेनॉइड स्वतः अडवत नाही. ते काम रबरी पडदा करतो. पडद्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. त्यातून पाणी मागे जाऊन दाब निर्माण होतो आणि त्या दाबाने पडदा मिटतो.

भारतीय परिस्थितीत खरी परीक्षा या छिद्राची होते. बोअरवेलचे दुष्फेन पाणी, टँकरच्या पाण्यातील गाळ, वाहिनीच्या दुरुस्तीनंतर येणारी माती आणि जुन्या लोखंडी नळ्यांचा गंज, यांतील कशानेही ते छिद्र बुजते. छिद्र बुजले की मागे दाब साठत नाही आणि पडदा मिटत नाही. नळ वाहतच राहतो. लोक सेन्सरला दोष देतात. प्लंबर झडप उघडतो तेव्हा वाळूचा एक कण सापडतो. नळाच्या अलीकडे बारीक जाळीची गाळणी बसवणे आणि ती ठरावीक काळाने धुणे, हा यावरचा अत्यंत स्वस्त उपाय आहे. अनेक ठिकाणी गाळणी असतेही, पण ती बेसिनखालच्या पेटीत असल्याने कोणाच्या नजरेस पडत नाही.

दुसरी अडचण दाबाची. अशा पडद्याच्या अनेक झडपांना किमान अर्धा बार दाब लागतो. म्हणजे पाण्याची टाकी नळापेक्षा सुमारे पाच मीटर उंच असावी लागते. आपल्याकडील बहुसंख्य इमारतींत पाणी गच्चीवरील टाकीतून गुरुत्वाकर्षणाने उतरते. तळमजल्यावर दाब भरपूर मिळतो. पण सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. एकाच इमारतीत, एकाच बनावटीचा नळ खाली उत्तम चालतो आणि वर ठिबकतो किंवा बंदच होत नाही. दाब वाढवणारा पंप बसवला नसेल तर तेथे सेन्सरचा नळ लावणे हाच मुळात चुकीचा निर्णय ठरतो. विजेवर चालणाऱ्या नळांची आणखी एक मर्यादा आहे. जनित्राचा आधार नसेल तर वीज गेली की पाणीही जाते. हे एवढे उघड असूनही नळ निवडताना विसरले जाते.

पाणी वाचते का?

याचे उत्तर, अनेकांच्या समजुतीच्या विरुद्ध, ‘नेहमीच नाही’ असे आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील हिल्सबरो काउंटीमध्ये एका कार्यालयीन इमारतीत याची प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली आणि तिचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने चालणारी उपकरणे काढून सेन्सरची बसवल्यानंतर नळांचा पाणीवापर सुमारे ३० टक्क्यांनी, तर शौचकूपांचा निम्म्याहून अधिक वाढल्याचे त्यात दिसून आले.

कारणे समजण्याजोगी आहेत. हाताने तोटी फिरवणारा माणूस ती क्वचितच पूर्ण उघडतो आणि काम झाले की बंद करतो. सेन्सरचा नळ मात्र प्रत्येक वेळी पूर्ण उघडतो. हात बाजूला झाल्यावरही तो एक-दोन सेकंद चालू राहतो. त्यात कोणी नसताना सुरू होण्याचे प्रसंग मिळवावे लागतात.

हिशेब मांडून पाहू. समजा, नळाचा प्रवाह मिनिटाला आठ लिटर आहे आणि तो दिवसाला ५०० वेळा वापरला जातो. हात काढल्यानंतर प्रत्येक वेळी दोन सेकंद पाणी वाहिले, तर दिवसाला सुमारे १३३ लिटर पाणी कोणाच्याही हाताला न लागता जाते. प्रवाह मिनिटाला १.९ लिटर असेल तर हीच नासाडी ३२ लिटरवर येते. अमेरिकेत सार्वजनिक बेसिनच्या नळांसाठीच्या मानकात मिनिटाला अर्ध्या गॅलनची, म्हणजे सुमारे १.९ लिटरची मर्यादा आहे. बचत घडते ती प्रामुख्याने या मर्यादेमुळे. दुसरीकडे, हाताने चालणारा आठ लिटरचा नळ साबण चोळताना २० सेकंद उघडाच ठेवला तर एका वेळी अडीच लिटरहून अधिक पाणी जाते. अशी सवय जेथे सर्रास आहे, तेथे सेन्सर निश्चितच पाणी वाचवतो. म्हणून उत्तर जागेगणिक बदलते. बसवण्यापूर्वी आणि नंतर मीटर वाचल्याशिवाय बचतीचा दावा करण्यात अर्थ नाही.

मार्च २०२४ मध्ये तीव्र पाणीटंचाईला तोंड देणाऱ्या बंगळुरूत तेथील पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने व्यावसायिक आस्थापनांतील नळांना एरेटर बसवणे सक्तीचे केले. एरेटर ही नळाच्या तोंडावरची जाळी. ती पाण्यात हवा मिसळून प्रवाह घटवते. तिला बॅटरी लागत नाही आणि तिची किंमत सेन्सरच्या नळासमोर नगण्य असते. टंचाईच्या दिवसांत त्या मंडळाने सेन्सरऐवजी जाळीची निवड केली, हे पुरेसे बोलके आहे.

जंतूंचा उलटा प्रश्न

नळाच्या तोटीला अनेकांचे हात लागतात आणि धुतलेला हात तोटी बंद करताना पुन्हा अस्वच्छ होतो. हा युक्तिवाद योग्यच आहे. परंतु जंतू तोटीवर बसतात तसे नळाच्या आतही वाढतात. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनी त्यामुळेच खळबळ उडवली होती. इलेक्ट्रॉनिक नळांतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ५० टक्के नमुन्यांत लेजिओनेला जिवाणू वाढले. हाताने चालणाऱ्या नळांबाबत हे प्रमाण १५ टक्के होते. क्लोरीन डायऑक्साइडने वाहिन्या निर्जंतुक केल्यानंतरही अनुक्रमे २९ आणि ७ टक्के नमुने दूषित निघाले. रुग्णालयाने रुग्णसेवेच्या विभागांतील इलेक्ट्रॉनिक नळ काढून टाकले आणि नव्या इमारतींसाठी साधे नळ निवडले.

लेजिओनेला जिवाणू १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनातील साथीनंतर ओळखला गेला. तो साचलेल्या, कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक नळाच्या आतील रबर आणि प्लास्टिकचे गुंतागुंतीचे भाग, अल्प प्रवाह आणि वाहिनीत साचून राहणारे पाणी त्याला पोषक ठरत असावे, असा संशोधकांचा कयास होता. हा इशारा मुख्यतः प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांसाठी आहे. मॉलमध्ये हात धुणाऱ्या निरोगी माणसाने त्यामुळे नळाला घाबरण्याचे कारण नाही. हात न धुणे हाच त्याच्यासाठी कितीतरी मोठा धोका आहे. मात्र उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरील टाक्यांतील पाणी या जिवाणूला मानवणाऱ्या तापमानात दिवसभर असते, हे रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. काही नव्या नळांत बराच वेळ वापर न झाल्यास आपोआप काही काळ पाणी सोडण्याची सोय असते. तिने वाहिनी ताजी राहते आणि पाणी खर्च होते. रुग्णालयाला हा सौदा परवडतो, कार्यालयाला परवडेलच असे नाही.

ओंजळ, चूळ आणि चाचपडणारा हात

या नळांची वेळ ठरवताना हात धुणे एवढाच उपयोग गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे बेसिनचा वापर त्याहून व्यापक आहे. जेवणानंतर माणूस ओंजळ भरतो, ती तोंडाकडे नेतो आणि चूळ भरतो. हात वर जाताच नळ बंद होतो. दुसऱ्या ओंजळीसाठी पुन्हा सेन्सरची मनधरणी. तोंड धुणे, वजू करणे, पाण्याची बाटली भरणे, बाळाचे पाय धुणे या प्रत्येक वेळी हात सेन्सरच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी असतो. प्रस्तुत प्रतिनिधीने एका महामार्गावरील उपाहारगृहात जेवण आटोपलेल्या ज्येष्ठ गृहस्थांना चूळ भरण्यासाठी एक हात नळाखाली तसाच धरून दुसऱ्या हाताने पाणी घेताना पाहिले आहे. लोक यंत्राशी असे जुळवून घेतात, आणि मग तक्रार कधी नोंदवलीच जात नाही.

तोटी पिळावी लागत नसल्याने संधिवाताच्या रुग्णांना आणि हातात जोर नसलेल्यांना हे नळ खरोखरच उपकारक आहेत. दृष्टिहीन व्यक्तीचा अनुभव मात्र निराळा असू शकतो. तोटी हाताला लागली की नळ कसा उघडायचा ते कळते. सेन्सरची गुळगुळीत काच स्पर्शाने काहीच सांगत नाही. नळ चाचपडताना पाणी अचानक सुरू होते आणि बाही भिजते. सेन्सर मानेवर आहे की बुंध्याशी, यात उत्पादकांमध्ये एकवाक्यता नसल्याने एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी कामी येत नाही.

पर्याय कोणते?

तंत्रज्ञान एका जागी थांबलेले नाही. काही सेन्सर परतलेल्या प्रकाशाची तीव्रता न मोजता तो कोणत्या कोनातून आला हे पाहून अंतर काढतात. काही नळ प्रकाशाला जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. दोन्ही पद्धतींत पृष्ठभाग उजळ की गडद याचा परिणाम खूपच कमी होतो. तिसऱ्या प्रकारात नळाचे धातूचे अंगच विद्युत क्षेत्र निर्माण करते आणि हात जवळ आल्याने होणारा धारितेतील बदल टिपते. तेथे त्वचेच्या रंगाचा संबंधच उरत नाही, मात्र ओले बेसिन आणि भोवतीचा धातू यांमुळे गफलत होऊ शकते. अर्थात या नळांची किंमत अधिक असते आणि झडप, गाळणी, दाब यांचे प्रश्न त्यांनाही चुकत नाहीत.

इमारतींच्या व्यवस्थापकांना बरेच काही आहे त्या नळांतच साधता येते. अनेक नळांचा पल्ला, हात काढल्यानंतर पाणी थांबण्याचा वेळ आणि एका वेळी जास्तीत जास्त किती सेकंद पाणी यावे ही मर्यादा छोट्या रिमोटने बदलता येते. रिमोट बहुधा खोक्यासोबत येतो आणि खोक्यासोबतच जातो. खरेदीच्या निविदेत पांढऱ्या कागदासोबत १८ टक्क्यांच्या करड्या कार्डावरील पल्लाही मागता येतो. नळ ताब्यात घेताना करडे कार्ड, मॅट काळा कागद आणि वेगवेगळ्या वर्णांच्या व वयांच्या चार-पाच व्यक्तींचे हात एवढ्या सामग्रीवर दहा मिनिटांत चाचणी होते. तीच चाचणी सहा महिन्यांनी, काच मळलेली आणि बॅटरी उतरलेली असताना पुन्हा घेतली, तर पहिल्या दिवशी झाकले गेलेले दोष समोर येतात.

आणि बेसिनच्या रांगेत एक तरी नळ दांडीचा असावा. वीज गेलेली असताना, सेल संपलेले असताना किंवा कोणाला चूळ भरायची असताना तो चालतो.